‘गप्प बसा’ नावाची बोलकी रूम

शिलाईच्या दुकानात चिंध्या साठतात ना, तसे किस्से साठतात. फेकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. माझं आर्वीत लेडीज टेलरिंगचं दुकान, त्यामुळे दोन्हींचा साठा माझ्याकडे भरपूर! चिंध्यांच्या निदान उशा होतात. किस्स्यांचं काय करायचं, हे मात्र मला मागच्या हिवाळ्यापर्यंत कळलं नव्हतं.

हे किस्से आमच्या ऑनलाइन ल्यूडोच्या रूममधले. मोबाइलवर एक अ‍ॅप आहे, त्यात ल्यूडो खेळता खेळता एकमेकांशी बोलता येतं. आम्ही चौघं रोज दुपारी तीनला जमतो. आर्वीची मी, शोभा. आंजीच्या ताराबाई मावशी, अंगणवाडीतून रिटायर झालेल्या. पुलगावचा गजानन, मोबाइल रिपेअरिंगवाला. आणि सिंदी रेल्वेचे वामनकाका, रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. कितीतरी दिवस कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं, पण कोणाच्या घरी आज कोणती भाजी, हे चौघांनाही पाठ!

चौघांत सगळ्यात जास्त बोलणारे वामनकाका. मागच्या हिवाळ्यात त्यांना लकवा मारला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलत्या माणसांत ठेवा यांना. बोलणं आलं तर या काही महिन्यांतच येईल."

तेव्हापासून आम्ही त्यांना हेच किस्से ऐकवत आलो. आळीपाळीनं, मोठ्यानं, शंभरदा. तेच आता तुम्हालाही सांगते.

* * *

रूम काढली मावशीनं. अ‍ॅपनं विचारलं, रूमचं नाव काय? मावशीला टाइप करायचा कंटाळा, म्हणून फोनच तोंडाजवळ धरला आणि बोलून नाव टाकलं, "गप्पा."

नेमक्या तेव्हाच दारात सरपंचबाई आल्या. मावशी फोन तसाच धरून म्हणाली, "बसा!"

झालं! फोननं लिहिलं, ‘गप्प बसा’. अ‍ॅपमध्ये नाव बदलायची सोय नाही, त्यामुळे आजही तेच आहे.

गजानन म्हणतो, "मी पयले तीन दिवस आलो, नाव वाचलं, डोळे मिटून बसलो अन् उठून गेलो. मले वाटलं मेडिटेशनची रूम हाय!"

* * *

वामनकाकांनी सारी नोकरी वर्धा-आर्वी रोडवर एसटी चालवली. रिटायर झाले ते कागदावर. बोर्डावर त्यांची हिरवी गोटी निघाली की यांचं सुरू, "सुटली वर्ध्याहून! चला, आंजीवाले दाराशी या... खरांगणा, खरांगणा... अवो बाई, लेकराचं मुंडकं आत घ्या!" फासा कोणाचाही असो, गाडी यांचीच!

एकदा मला बरोबर तीन पडले. त्यांची गोटी माझ्या पुढं तीनच घरांवर. मारणार, तेवढ्यात काका कडाडले, "शोभे! वळणावर ओव्हरटेक करून राह्यली? लायसन कोनं देल्लं तुले?"

मी घाबरून दुसरीच गोटी चालवली!

संध्याकाळी वांग्याची फोडणी टाकताना डोक्यात उजेड पडला. अगं, ल्यूडोत कुठलं आलं ओव्हरटेक!

* * *

आमचं अ‍ॅप मराठी आहे. म्हणजे कोणीतरी परदेशात बसून केलेलं मराठी. रूममधून कोणी बाहेर पडलं की स्क्रीनवर काय यावं? ‘वामनराव गेले. खोलीत ३ जण उरले.’

एक दिवस फोन मशीनवर ठेवून मी आत एका बाईचं माप घेत होते. आमच्या घरचे चहा घेऊन दुकानात आले. त्यांची नजर स्क्रीनवर गेली. वामनराव गेले! खोलीत तीन जण उरले! त्यांनी काकांना कधी पाहिलं नव्हतं, पण स्पीकरवर आवाज रोजचा. भला माणूस हळहळला. मला काही न विचारता गल्लीच्या ग्रुपवर टाकून मोकळा, ‘आमचे स्नेही वामनराव यांचे दुःखद निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.’ फोटो पाहिजे म्हणून काकांनी अ‍ॅपवर लावलेला फोटो उचलला, त्याला हार घातला. काकांचा अ‍ॅपवरचा फोटो म्हणजे गॉगल घातलेला सिंह!

मी माप घेऊन बाहेर येईपर्यंत अर्ध्या गल्लीनं हात जोडले होते. खाली एकानं लिहिलं होतं, ‘सिंहासारखा माणूस होता.’

मी रूममध्ये धावले. काका हजर! "गॅसचं सिलिंडर आलतं, ते घ्याले गेलतो. काऊन, काय झालं?"

मी तो मेसेज फोटोसकट त्यांना पाठवला. काकांनी तो नीट वाचला आणि म्हणाले, "बाकी समदं बराबर हाय. पण मयतीच्या फोटोत गॉगल काढाचा राह्यते, येवढं तुह्या नवऱ्याले सांगजो!"

त्या दिवसापासून मावशीनं नियम केला, रूम सोडताना ‘येतो’ म्हटल्याशिवाय कोणी हलायचं नाही. नेट गेलं तरी फोन करून ‘येतो’ म्हणायचं.

* * *

एकदा चुकीचं बटण दाबून एक पाहुणा रूममध्ये आला. बिहारचा मुलगा, मस्कतला क्रेन चालवतो. बिचारा कोपऱ्यात बसून ऐकत होता. आता आम्ही वऱ्हाडी माणसं, आमचं दर दोन वाक्यांनी ‘काऊन’ येणार. का म्हणून, कशाला, सगळं त्या ‘काऊन’मध्येच!

गजानन म्हणाला, "मावशी, आज आवाज बसला तुहा. काऊन?"

लगेच कोपऱ्यातून, "जी, मैं अशरफ!"

मी म्हटलं, "थंड पाणी प्याली असंल. काऊन वं मावशी?"

"मैं हूँ दीदी, अशरफ!"

असं अकरा वेळा झालं. शेवटी पोरगा रडकुंडीला आला, "मैंने ग्यारह बार नाम बता दिया, आप लोग फिर भी पूछते हैं कौन!"

मावशी चकित. "अवं माय! हा काऊन चिडला?"

"अशरफ!"

* * *

मध्यंतरी अ‍ॅपनं सगळ्यांना एकेक बाहुली दिली. आपल्या नावावर आपली बाहुली रूममध्ये बसलेली दिसते. मावशीच्या वाट्याला आली फ्रॉकवाली. फ्रॉक गुडघ्याच्या वर!

मावशी आली, स्वतःला पाहिलं आणि तशीच बाहेर. मला फोन. "मी नाई येत वं तिथं अशी उघड्या पायानं. समदे बसले राह्यते. तू शिवनारी हाय ना? लांब कर."

"अवं मावशी, ते मोबाइलमधलं हाय. ते कसं शिवू?"

"मंग काय झालं? मी माप पाठवतो."

आणि खरंच पाठवलं! स्क्रीनवर पट्टी ठेवून घेतलेलं. ‘उंची दीड इंच. कंबर पाव इंच. घोट्यापर्यंत पाह्यजे. अन् खिसा ठेवजो.’

* * *

आता तो हिवाळ्यातला दिवस. काका नऊ दिवस आले नव्हते. फोन लागत नव्हता. मावशी अंगणवाडीची सवय म्हणून रोज हजेरी घ्यायची, "शोभा? गजानन? वामनराव?" आणि थोडं थांबून, "गैरहजर."

दहाव्या दिवशी स्क्रीनवर आलं, ‘वामनराव आले.’ आम्ही नुसता कल्ला केला! कुठं होते, काऊन नाई आले, एक फोन नाई करता येत काय! पण तिकडून चकार शब्द नाही.

गजानन तज्ज्ञ. "काका, तुमचा माईक बंद हाय. खाली उजव्या बाजूले दाबा. नाई, ते नाई. सेटिंगमंधी जा." मी म्हटलं, फोन बंद करून चालू करा. मावशी वैतागली, "मिठाची गुळणी धरली का तोंडात? बोला ना!" अर्धा तास आम्ही त्या माणसाला असं झापत होतो.

शेवटी एक बारीक आवाज आला. काकूंचा. "माईक चालू हाय पोरा. त्यायचा आवाजच नाई."

त्या दिवशी आमची रूम पहिल्यांदा नावासारखी वागली. मला तर मशीनचं पायडलसुद्धा मारवेना. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडले.

* * *

पण काकू खमक्या. रोज तीनला फोन काकांच्या समोर उभा करायच्या. काका डाव्या हातानं फासा टाकायचे, आम्ही बोलायचो. आणि आठवड्यातून एकदा वर्ध्याला, बोलणं शिकवणाऱ्या मॅडमकडे. तिथला किस्सा काकूंनीच सांगितला.

मॅडमनी चित्र दाखवलं. कप. काकांनी ओठ हलवले, आवाज नाही. किल्ली. नाही. मग बस. काकांनी चित्र पाहिलं आणि सरळ तोंड फिरवलं. मॅडम काळजीत, वहीत काहीतरी लिहायला लागल्या.

काकू म्हणाल्या, "मॅडम, ते खासगी ट्रॅव्हल्सचं चित्र हाय. त्याले हे जलमात बस म्हननार नाई."

मग मॅडमनी काकूंकडे बोट दाखवून विचारलं, "या कोण? यांचं नाव काय?" काका पाहतच राहिले. मॅडमनी पुन्हा विचारलं. काका लाजले! मॅडमनी वहीत लिहिलं, ‘बायकोचं नाव आठवत नाही.’

काकूंनी वही हातानं अडवली. "अवो, थांबा! चाळीस वर्सांत ‘ऐकून राह्यली का’ याच्याशिवाय काई म्हनलं नाई यायनं मले. त्यात लकव्याचा काय दोस!"

* * *

मी आणि मावशी त्यांना भेटायला गेलो. पहिल्यांदाच. आर्वीहून मी एसटीत बसले, आंजीला मावशी चढणार होती. चेहरा माहीत नाही. गाडी थांबली आणि दारातूनच आवाज आला, "सरका जराशी, दोन सीटीत तीन ढुंगणं बसते!" मी हात वर केला. मावशीच! शेजारी बसून तिनं माझा गालगुच्चा घेतला आणि म्हणाली, "आवाजावरून तू जाडी वाटत होती."

सिंदीला पोचलो. काका पलंगावर उशीला टेकून बसलेले. उंच माणूस, पण पार उतरलेला. मावशी समोर खुर्चीत बसली. आणि बाई गं, रोज दोन दोन तास बडबडणारी ही बाई, एक शब्द सुचेना तिला! पदराशी चाळा करते, पंख्याकडे पाहते. काका चादरीकडे पाहतात. चहा आला, चहा संपला.

मावशी एकदम उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, डोळे पुसायला गेली.

तेवढ्यात पलंगावरचा काकांचा फोन वाजला. उचलला तर रूम! आणि मावशीचा तोच खणखणीत आवाज, एकाच वेळी फोनमधून आणि भिंतीपलीकडून, "हजेरी! वामनराव?"

काकांनी डावा हात वर केला. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा हसले, अर्ध्याच तोंडानं. त्यानंतर दीड तास मावशी स्वयंपाकघरातून बोलत होती आणि काका पलंगावर ऐकत होते. निघताना समोर येऊन पुन्हा मुक्यासारखी उभी! हात जोडले, ‘जय भीम’ केला आणि चपला घातल्या.

* * *

गजानननं एक युक्ती केली. काकांची जुनी सवय, कोणी त्यांचा किस्सा चुकीचा सांगितला की मधेच तोडायचे. म्हणून त्यानं मुद्दाम सांगितलं, काका वर्धा-आर्वीला निघाले आणि रस्ता चुकून हिंगणघाटला पोचले!

आम्ही वाट पाहिली. ड्रायव्हर माणसाला याहून मोठी शिवी नाही.

काकांनी अंगठ्याचं चित्र पाठवलं. छान म्हणून.

गजानन नंतर मला म्हणाला, "ताई, त्यापेक्षा शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं."

* * *

आता शेवटचा.

काका आजारी पडल्यापासून आम्ही एक गोष्ट न ठरवता ठरवली होती. काकांची गोटी मारायची नाही. फासा पडला, समोर त्यांची गोटी दिसली, की दुसरी गोटी चालवायची. काही दिवसांतच काका रोज जिंकायला लागले. आम्ही रोज टाळ्या वाजवायचो, "वा काका! मानलं!" काकू सांगायच्या, "जितून बी तोंड पाडूनच बसते, काऊन कोन जाने."

असा उन्हाळा आला. एका दुपारी काकूंनी सांगितलं की वर्ध्याच्या मॅडमनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली आहे. तोवर एकही शब्द फुटला नाही, तर आता चित्रांची पाटी शिकवू म्हणाल्या. पाणी पाहिजे तर पाण्यावर बोट ठेवायचं, जेवण पाहिजे तर ताटावर. काकू हे नेहमीच्या आवाजात सांगत होत्या. ‘बोट ठेवायचं’वर आवाज फाटला आणि त्या फोनपासून उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी तीनला हजेरी झाली. डाव सुरू झाला. मावशी त्या दिवशी फार बोलत नव्हती. मला वाटलं, तिलाही कालचं लागलंय.

काकांच्या तीन गोट्या घरात गेल्या. चौथी पूर्ण बोर्ड फिरून आली. घराच्या गल्लीत वळायला एकच घर बाकी! एकदा वळली की तिला कोणी हात लावू शकत नाही. मी टाळ्या वाजवायला कात्री खाली ठेवली.

मावशीची पाळी. चार पडले. तिची एक गोटी काकांच्या बरोबर मागं, चार घरांवर. दुसरी मोकळ्या रस्त्यावर, पुढं कोणी नाही. मी निश्चिंत होते. मावशी आता ती मोकळी चालवणार.

मावशीनं मागची गोटी उचलली. एक, दोन, तीन, चार. काकांची गोटी उडाली आणि पार सुरुवातीच्या घरात जाऊन पडली.

"मावशी!" मी ओरडलेच. गजानन म्हणाला, "अवं, चुकून दाबलं काय?"

काकांच्या फोनवरून त्यांचा श्वास ऐकू येत होता. जोरात, नाकातून. मग पलंग करकरला. मग घशातून काहीतरी घासत वर आलं.

"बु..."

माझ्या हातातलं ब्लाऊज तसंच राहिलं.

"बु... ढे!"

तिकडं काकूंच्या हातून काहीतरी पडलं. स्टीलचं असणार, बराच वेळ वाजत राहिलं.

आता हे माहीत पाहिजे, मावशी सत्तरीची, पण तिला म्हातारी म्हणायची आंजीत कोणाची छाती नाही. एका कंडक्टरनं ‘चल बुढे, पुढं सरक’ म्हटलं होतं, तर तिनं गाडी डेपोपर्यंत भांडत नेली होती. अपमान तो अपमान! ती चवताळून बोलली, पण तिचा आवाज पार चिरका झाला होता.

"काय म्हनलं? मले ऐकू नाई आलं. परत म्हना!"

"बुढे!"

"तोंडातल्या तोंडात नोका पुटपुटू! परत म्हना!"

"बुढे!!"

गजानन हुंदके देत होता. कोणीच फासा टाकत नव्हतं, अ‍ॅप एकेकाची पाळी रद्द करत चाललं होतं. मावशी मात्र इरेला पेटलेली.

"कोनाले म्हनून राह्यले? शोभेले? गजाननले? कोनाले म्हनता, ते सांगा आधी!"

तिकडं पलंग पुन्हा करकरला. आणि मग, अगदी स्वच्छ,

"तुले!"